डेडस्टॉकमधली शेळी

शाळेच्या फाटकावर माझा फ्लेक्स लागला होता. माझा म्हणजे, वरच्या निम्म्या भागात संस्थेचे अध्यक्ष हात जोडून, खाली ओळीने उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, आणि उजव्या कोपऱ्यात, लग्नाच्या ग्रुप फोटोत शेवटी घुसलेल्या पाहुण्यासारखा, मी. आडनावातला अनुस्वार उडाला होता. 'सुप्रसिद्ध बालसाहित्यिक' एका ओळीत मावलं नसावं. त्यामुळे 'सुप्रसिद्ध बाल' वर राहिलं आणि 'साहित्यिक' खाली उतरलं. छप्पन्नाव्या वर्षी सुप्रसिद्ध बाल म्हणून जाहीर होण्याचा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो.

मुलांसाठी वीस वर्षं लिहितोय, पण शाळेने लेखक म्हणून बोलावण्याची ही पहिलीच खेप. आठ दिवस आधीपासून आरशासमोर तालीम चालली होती. माझी गोष्ट आहे एका शेळीची. ती शाळेचं हजेरीपत्रक खाते. मग कोण हजर, कोण गैरहजर, गुरुजींना कळेना. आणि त्या दिवशी नेमकी सगळी मुलं वर्गात येतात, वर्षापूर्वी नाव काढून टाकलेलीसुद्धा. गोष्टीत शेळी सहा वेळा ओरडते. सहाही वेळचं ओरडणं वेगळं हवं, असा बायकोचा आग्रह. शेजारच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी चौकशी केली.

तर फाटकावर. खांद्याला शबनम, शबनममध्ये त्याच पुस्तकाच्या दहा प्रती, लेखकाच्या सवलतीत मीच विकत घेतलेल्या. शिपाईमामांनी पिशवीकडे पाहून हात आडवा केला. "गाइडवाले ना? शनिवारी या. आज कुणी साहित्यिक येणारेत."

"मीच तो."

मामांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फ्लेक्सवरच्या फोटोत मला केस होते. तरी त्यांनी आत सोडलं, याला मी त्यांचं वाङ्मयप्रेम म्हणतो.

दिवस १५ ऑक्टोबरचा. डॉ. कलामांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. लग्नसराईत बँडवाल्याला येतो तसा या एका तारखेला लेखकाला भाव येतो. उरलेले ३६४ दिवस आम्ही गाइडवालेच.

मुख्याध्यापिका बाई अगत्याच्या होत्या. चहा झाला. "मुलांना दोन शब्द सांगा," त्या म्हणाल्या. "मोबाइलचे दुष्परिणाम, आईवडिलांचा आदर, आणि जमलं तर पाणीबचत."

"गोष्ट सांगू का?"

"हो, सांगा की. वेळ उरला तर."

पुस्तक वाचलंत का, असं विचारण्याचा मूर्खपणा मी केला. "वाचलंय ना," बाई म्हणाल्या, "मागचं पान." इतका प्रामाणिकपणा मला समीक्षकांत आढळलेला नाही.

पटांगणात चारशे मुलं सतरंज्यांवर, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. व्यासपीठावर कापडी मांडव, कारण मान्यवरांना ऊन लागतं. टेबलावर कलामांची तसबीर आणि शेजारी 'अग्निपंख'. दोघांनाही हार. समई पेटवायला अकरा काड्या लागल्या. मी मोजल्या, दुसरं काम नव्हतं. मग स्वागतगीत. मग चौदा जणांचे सत्कार. त्यात माझा नंबर नववा, मंडप डेकोरेटरच्या आधी.

आठवीतल्या एका मुलीने माझा परिचय वाचला. कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. "प्रमुख पाहुण्यांचा जन्म १९६९..." आणि ती थांबली. कागद उलटून पाहिला. पाठीमागे कोरा. तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. तिचं काही चुकलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातल्या लेखकाला नावापुढच्या कंसात दोन आकडे असतात. कुसुमाग्रज १९१२ ते १९९९, विंदा १९१८ ते २०१०. मराठी लेखक मुलांपुढे बहुधा कंस मिटल्यावरच येतो. दुसरा आकडा न घेता आलेला पाहुणा म्हणजे अर्धवट गृहपाठ. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मग आला फोटोचा कार्यक्रम. अहवाल वर पाठवायचा असतो, त्याला फोटो जोडायचे असतात, फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटलेली असावी लागते. ग्रंथालय सांभाळणारे सर मोबाइल घेऊन पुढे सरसावले. "सर, पुस्तक जरा उघडून धरा. वाचल्यासारखं करा." मी माझंच पुस्तक वाचल्यासारखं केलं. मग माझ्या दहा प्रती मुलांत वाटल्या. दहा मुलांनी दहा पुस्तकं छातीशी धरून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "दात नको! वाचताय ना तुम्ही!" फोटो झाला, आणि सरांनी पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. पण ऊन चढलेलं, तेवढ्यात ध्वनिक्षेपक शिट्टी मारू लागला, सर तिकडे धावले. डाव्या बाजूच्या रांगेत, एक वेणी सुटलेली पाचवीतली मुलगी मान वर न करता पान उलटत होती. तिसऱ्या पानावर शेळी खिडकीतून आत येते. मला लांबूनही कळलं, कारण तिने खिडकीकडे पाहिलं.

अध्यक्षांचं भाषण पस्तीस मिनिटं झालं. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तो जणू संस्थेच्या मागच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला होता, अशा थाटात त्यांनी सांगितला. स्वतःची नातवंडं शहरात इंग्रजी शाळेत असल्याने मराठीची काळजी त्यांना जास्त. मग साने गुरुजी. 'श्यामची आई' गुरुजींनी येरवड्यात एका रात्रीत लिहिली, असं ते म्हणाले. ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, आणि पाच दिवसांत. तुरुंग चुकला, दिवस चुकले, टाळ्या मात्र बरोबर जागी पडल्या. माझ्या मनात भलताच विचार आला. पाच दिवसांत पुस्तक पुरं झालं, कारण त्या तुरुंगात सूत्रसंचालक नव्हता.

माझ्या वाट्याला सात मिनिटं आली. त्यातच स्वयंपाकघरातून खिचडीच्या फोडणीचा वास आला. त्या वासापुढे साक्षात भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलसकट व्यासपीठावर उभा केला असता, तरी पोरांनी म्हटलं असतं, आधी ताट. मी शेळीला आणलं. ती दोनदाच ओरडली. दुसऱ्या वेळी चारशे मुलांनी उत्तर दिलं, आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"आता विद्यार्थी प्रश्न विचारतील." चार विद्यार्थी चार चिठ्ठ्या घेऊन उठले. आपल्या लेखनामागची प्रेरणा काय? नवलेखकांना आपण काय संदेश द्याल? मुलांपुढे गेले की कलाम त्यांचे प्रश्न ऐकायला बसत. त्यांच्याच जन्मदिवशी प्रश्न शिक्षकांच्या अक्षरात होते. मी संदेश दिला. काय दिला ते विचारू नका.

तेवढ्यात वेणी सुटलेली उभी राहिली. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. "सर, हजेरी खाल्ल्यावर शेळीचं पोट नाही का दुखलं? तिला टाचणी नाही लागली?"

वीस वर्षांत एकाही संपादकाने हा प्रश्न विचारला नव्हता. हजेरीपत्रकाला टाचण्या लावलेल्या असतात, रजेचे अर्ज जोडायला, हे मी पार विसरलो होतो. मी खरं उत्तर द्यायला तोंड उघडलं, "बाळा, टाचणीचं मला सुचलंच..." आणि सूत्रसंचालक माइकवर आले. "वेळेअभावी आपण इथेच थांबतोय." पुढे आभार सोळा मिनिटं चालले. वाऱ्याचेही मानले.

कार्यक्रमानंतर मला ग्रंथालय दाखवण्यात आलं. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असलीच पाहिजेत, असं सांगितलंय. असली पाहिजेत, एवढंच. कपाट उघडलं पाहिजे असं काही त्यात नाही. किल्ली सरांच्या जानव्याला, म्हणजे निदान तितक्याच निष्ठेने, बांधलेली. आतून डांबरगोळ्यांचा वास आला. वरच्या खणात पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनात. खाली 'किशोर'चे गठ्ठे. १९७१ पासून बालभारती हे मासिक मुलांसाठी काढते आहे. या गठ्ठ्यांची सुतळी मात्र अजून सुटलेली नव्हती.

"मुलांना देत नाही का?"

"कसं देणार सर?" त्यांनी एक जाड वही काढली. वहीवर लिहिलं होतं: डेडस्टॉक रजिस्टर. टेबलं, खुर्च्या, घंटा, घंटेचा टोल, आणि मग पुस्तकं. "यात एक जरी कमी भरलं तर तपासणीत माझ्या पगारातून वसुली. मुलं पानं फाडतात, घरी नेतात, कधी कधी परतच आणत नाहीत."

मला सरांवर चिडता आलं नाही. त्यांच्याकडे खिचडीचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयादी आणि दोन वर्गांचं गणित आहे. कामवाटपाच्या दिवशी ते रजेवर होते, म्हणून ग्रंथालय आलं. हरवलेल्या पुस्तकाची किंमत त्यांच्या पगारातून जाते. न वाचलेल्या पुस्तकाची कुणाच्याच पगारातून जात नाही. हा हिशेब त्या कपाटाला पक्का कळलाय.

सरांनी माझी पुस्तकं रजिस्टरात चढवायला घेतली. मोजली. परत मोजली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. "सर, आपण दहा आणली होती ना? नऊच भरतायत."

बाहेर पटांगणात मुलं ताटं घेऊन रांगेत उभी होती. सतरंज्या गुंडाळायच्या राहिल्या होत्या. डावीकडच्या सतरंजीवर एकच मुलगी अजून बसलेली होती, खिचडीच्या वासालाही न हलता, आणि तिच्या मांडीखाली सतरंजीचा कोपरा जरासा वर आलेला होता.

"दहावं शेळीने खाल्लं असेल," मी म्हणालो.

सर हसले नाहीत. त्यांनी गोष्ट वाचलेली नव्हती. "मग नऊच घालतो," असं म्हणून त्यांनी नऊची नोंद केली, माझी सही घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं.