किती मोकळे?

त्यांचं आडनाव मोकळे नाही. पण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना मोकळेकाकाच म्हणतात. मागच्या महिन्यात मेंटेनन्सची पावतीसुद्धा त्याच नावाने फाडली गेली आणि त्यांनी ती मुकाट्याने घेतली. माणूस भेटला की आपण ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारतो. हे विचारतात, ‘सी ड्राइव्हवर किती मोकळे?’

परवा वरच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न होतं. आहेराचं पाकीट हातात ठेवता ठेवता काकांनी नवऱ्यामुलाला विचारलं, ‘किती मोकळे?’ तो बिचारा म्हणाला, ‘पंधरा तारखेपर्यंत रजा आहे.’

माझ्या लॅपटॉपची सीची पट्टी लालभडक झाली आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो. काकांच्या खिशात बँकेची छोटी डायरी असते. तिच्यात माझ्या नावापुढे नोंद झाली : ‘फ्लॅट ७. मोकळे २.१ जीबी. चिंताजनक.’

‘काका, डिस्क १२८ जीबीची घेतली होती. ही तर ११९च दाखवतेय.’

‘कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. गवळ्याचं माप वेगळं, घरचं वेगळं. चहा बिनसाखरेचा सांगा.’

एका सरकारी कचेरीच्या अभिलेखकक्षात काकांची अख्खी नोकरी गेली. त्यामुळे दिसेल त्या फाइलीला ते वर्ग देतात. अ वर्ग कायम जपायचा, ड वर्ग वर्षभरात नष्ट. बायकोच्या भिशीचे फोटो ड वर्गात गेले तेव्हा स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. ‘अ करतो,’ काका घाईघाईने म्हणाले.

मग त्यांनी एक जाडजूड लपलेली फाइल काढून दाखवली. हायबरफिल. लॅपटॉप गाढ झोपण्याआधी रॅममधलं सगळं इथे लिहून ठेवतो. रॅमच्या साधारण ४० टक्के जागा, म्हणजे माझ्या ८ जीबीला तीनच्या वर. एका बोटाने एक आज्ञा टाइप करून काकांनी ती मोडीत काढली. त्या दिवसापासून लॅपटॉप उठायला वेळ लावतो, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

पुढे सापडलं ‘विंडोज डॉट ओल्ड’. मोठा अपडेट झाला की जुनं विंडोज परतीची सोय म्हणून दहा दिवस ठेवतात. ‘दहाव्याला आपोआप जातं,’ काका म्हणाले, ‘पण कावळा शिवायची वाट कशाला बघायची? तुम्हाला परत जायचंय का? नाही ना?’ आणि डिस्क क्लीनअपमधून १८ जीबींना मूठमाती दिली.

माझा मेहुणा त्याच सुमाराला आला होता. ‘विनएसएक्सएस’ नावाचं सर्वांत लठ्ठ फोल्डर बघून तो हाताने पुसायला धावला. काकांनी त्याचं मनगटच धरलं. ‘हात लावलात तर मशीन उठणार नाही! अहो, ते दिसतं तेवढं नसतं. एकाच फाइलीचं नाव दोन ठिकाणी. दोन रेशनकार्डांवर नाव असलं म्हणून माणूस दोन पोटांनी जेवतो का?’ मग त्यांनी ‘डिसम’ची आज्ञा संध्या करावी तशी पुटपुटत टाइप केली. जुन्या अपडेटांचे खरोखर निकामी झालेले तुकडे तेवढे ती वेचून काढते.

‘डीफ्रॅग करू का?’ मी हुशारी दाखवली.

‘एसएसडीला? तिथे कुठे तबकडी फिरतेय? उगाच लिहून लिहून झिजवाल. तिला फक्त थोडी रिकामी जागा ठेवा. ओटा भांड्यांनी भरला तर पोळपाट कुठे मांडणार? भरली की ती मंदावते.’

डायरीत नवी नोंद झाली : ‘मोकळे ३१. समाधानकारक.’ त्या दिवशी काका तिसरा चहा घेऊन गेले.

तीन वर्षं हा त्रास मी सोसला. या दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला, चांगला १ टीबीचा. काका दारात उभे.

‘किती मोकळे?’

‘८६० जीबी, काका.’

त्यांनी डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. ‘छान,’ म्हणाले. ‘आता सगळे मोठ्याच घेतात. आणि ते स्टोरेज सेन्सही आपलं आपण झाडतं म्हणे.’ डायरी खिशात गेली, पण पाय काही दारातून हलेनात.

त्या रात्री मी स्टोरेज सेन्स बंद केलं. डाउनलोड्स वाढू दिले. भिशीचे व्हिडिओ तर मुद्दाम दोन-दोनदा उतरवून ठेवले. हा वेग धरला तर पट्टी लाल व्हायला फार वर्षं लागतील, हे मलाही कळतं.

म्हणून काल जिन्यात मीच विचारलं, ‘काका, तुम्ही किती मोकळे?’

‘मी?’ काका क्षणभर गोंधळले. ‘मी काय, सगळाच मोकळा.’

‘मग या वर. बिनसाखरेचा सांगतो.’