सुनेच्या स्टॉलवर बसणाऱ्या ज्येष्ठांसाठी मार्गदर्शक सूचना

ज्यांच्या सुना काचेचे मणी बनवतात, अशा सर्व सेवानिवृत्त सासऱ्यांच्या माहितीसाठी व तंतोतंत पालनासाठी हे परिपत्रक काढण्यात येत आहे. अशा सासऱ्यांची संख्या तूर्त अल्प आहे याची आम्हाला जाणीव आहे. तथापि पाटबंधारे खात्यात आम्ही कालव्याला पाणी येण्याआधीच पाणीपट्टीचे नियम तयार ठेवत असू. तेच धोरण येथे अवलंबिले आहे.

कलम १. घरातील यंत्रसामग्री. सूनबाईच्या टेबलावर एक बर्नर घट्ट आवळून बसवलेला असतो. त्याला एका नळीने गॅस, दुसरीने ऑक्सिजन. ऑक्सिजन देणारे यंत्र म्हणजे दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी असते तेच. ते दिवसभर धापा टाकते. परिणामी घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्याकडे बघतो आणि मग आवाज खाली आणून आमच्या सौ.ला विचारतो, "कधीपासून?" ती म्हणते, "लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात." लग्न मुलाचे, हे सांगायचे तिच्या लक्षात राहत नाही. अशा प्रसंगी ज्येष्ठांनी खोकू नये.

कलम २. काम चालू असताना त्या खोलीत पंखा लावण्यास सांगू नये. ज्योत हलते. मे महिन्यातही सांगू नये.

कलम ३. स्टॉलवर बसण्यापूर्वी मणी कसा होतो हे एकदा नीट पाहून घ्यावे, म्हणजे निदान चारचौघांत खोटे बोलावे लागत नाही. काचेची कांडी ज्योतीत एकदम घालायची नसते. थंड काच तडकते आणि तिचे तुकडे उडतात. म्हणून आधी ज्योतीच्या कडेकडेने ती फिरवत तापवायची. मऊ झाली, की मातीचा लेप दिलेल्या पोलादी सळीवर गुंडाळायची आणि सळी गोल फिरवत राहायचे. हात थांबला की मणी एका बाजूला ओघळलाच. दारावरची बेल, कुरियरवाला, सासरे, कोणासाठीही हात थांबत नाही. तापल्या काचेतल्या सोडियममुळे डोळ्यांसमोर नुसता पिवळा भडका असतो. तो गाळून टाकणारा गुलाबी-जांभळट चष्मा सूनबाई लावते. मी एकदा तो लावून बघितला. भडका खरोखरच नाहीसा झाला आणि आत मध्यभागी एवढासा मणी स्वस्थ फिरत होता. त्या दिवशी पेपर वाचायचा राहिला.

झालेला मणी विजेच्या भट्टीत जातो. तिथे पाचशे अंशांच्या थोडे वर तो मुरतो आणि रात्रभर सावकाश निवतो. घाई केली तर वरचा थर आधी गार होतो, पोटात ताण साठून राहतो आणि कधीतरी पुढे, कोणाच्या तरी गळ्यात, ऐन हळदीकुंकवात मणी दुभंगतो. सकाळी सूनबाई भट्टी उघडते तेव्हा घरात कोणी चहाचा विषय काढत नाही. मग पाण्यात भिजवून, लेप खरवडून मणी सळीवरून सोडवायचे.

हे सर्व पाहिलेल्या ज्येष्ठालाही लोक विचारतात, "याला भोक कसं पाडता हो?" उत्तर तयार ठेवावे: भोक पाडत नाहीत. भोक आधी असते, मणी त्याच्याभोवती नंतर येतो. यावर लोक गंभीरपणे मान डोलावतात. एका बाईंनी तर मला वाकून नमस्कार केला. मणी मात्र घेतला नाही.

कलम ४. स्टॉलची मांडणी. प्रदर्शन बहुधा मंगल कार्यालयात, लग्नाची तिथी नसलेल्या दिवशी भरते. शेजारी गोडा मसाला मिळाल्यास आनंद मानावा, गिऱ्हाईक वासाने तरी येते. वायरचा बोर्ड, दिवा, सेफ्टीपिना आणि सुतळी घरूनच न्यावी. पारदर्शक मणी काळ्या मखमलीवर ठेवू नयेत, तिथे ते विझतात. त्यांना पांढरे कापड हवे, म्हणजे उजेड खालून परत वर येतो. अपारदर्शक मण्यांना काळे चालते. हे सूनबाईने सांगितले तेव्हा मला शोभेचा प्रकार वाटला होता. आता मी दुसऱ्यांच्या स्टॉलवर जाऊन त्यांचे कापड बदलण्याची सूचना करतो. ती फारशी स्वीकारली जात नाही. प्रदर्शन उघड्या मैदानावर असल्यास प्रत्येक स्टँडच्या बुडाशी वजन ठेवावे. वाऱ्याला आपण फक्त मणी विकतो हे माहीत नसते.

कलम ५. गिऱ्हाईक. याबाबत शासनाने स्वतंत्र अधिनियम करावा, अशी आमची जुनी मागणी आहे.

पहिला प्रकार, "तुळशीबागेत वीस रुपयांना मिळतं." वाद घालू नये. "मिळतं," असे म्हणावे. खरेच मिळते, आणि फिरोजाबादच्या भट्ट्यांपुढे जन्म घालवणाऱ्या माणसांची कमाई त्या विसातूनच निघते, म्हणून त्या मालाला नावे ठेवू नयेत. दुसरा प्रकार मणी हातात घेऊन विचारतो, "पडला तर फुटेल का?" नीट निवलेला मणी जमिनीवर पडून सहसा फुटत नाही. हे तोंडी सांगावे. प्रात्यक्षिक दाखवू नये.

तिसरा प्रकार डाग दाखवतो. पिरोजी काच हस्तिदंती काचेवर लावली, की दोघींच्या सीमेवर एक गडद तपकिरी रेघ आपोआप उमटते. पिरोजीतले तांबे आणि हस्तिदंतीतले गंधक यांची ती करामत. सूनबाई मुद्दाम त्या रेघेसाठी हे दोन रंग एकत्र आणते. तरी गिऱ्हाईक म्हणणार, "इथे मळलंय, पन्नास रुपये कमी करा." अशा वेळी माझ्यातला हेडक्लार्क जागा होतो आणि मी म्हणतो, "मळाचे पन्नास रुपये वेगळे पडतील."

पण सर्वांत चिवट प्रकार म्हणजे आमच्यासारखाच निवृत्त गृहस्थ. याला काही घ्यायचे नसते. याला खुर्ची हवी असते. हा काच किती अंशांना वितळते ते विचारतो आणि मग आपणच सांगतो. अशा गृहस्थावर एकच उपाय आहे, पैसाफंड. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, काचेचा कारखाना निघाला. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, पाठिंबा लोकमान्यांचा. हा विषय मी सविस्तर मांडू लागलो, की गृहस्थ घड्याळ बघतो. क्वचित एखादा थांबतोही, आणि मग सूनबाईला आमच्या दोघांसाठी चहा मागवावा लागतो.

कलम ६. मैदानी कामकाज. काचेची माणसे खोलीत कोंडलेली असतात, म्हणून रविवारी त्यांना वेताळ टेकडीवर न्यावे असे मुलाचे मत. नेतो. व्यायाम मात्र होत नाही. दहा पावलांवर एक शिंजीर दिसतो आणि सूनबाई थांबते. त्याच्या पाठीवरचा निळा-जांभळा तकाकणारा रंग कोणत्याच कांडीत मिळत नाही. चांदी असलेली काच घ्यायची, शेवटी ज्योतीतला ऑक्सिजन कमी करायचा, मग तिच्यावर तशी धातूची झाक चढते, कधी चढते, कधी नुसता राखाडी थर येतो. हे ती मला सांगत असते आणि शिंजीर केव्हाच उडून गेलेला असतो. मी तरी "हो हो, तोच रंग" म्हणतो. म्हणावे.

टेकडीवर फुटक्या बाटल्यांच्या हिरव्या काचा पुष्कळ. त्या सुनेसाठी प्रेमाने वेचून आणू नयेत. तापल्यावर किती फुगायचे याचा प्रत्येक काचेचा आकडा ठरलेला असतो. तिच्या कांड्यांचा १०४, बाटलीचा नव्वदच्या आसपास. दोन्ही एका मण्यात घातल्या, तर निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी तडकतो. पत्रिका जुळणे याला म्हणतात, असे सौ.चे म्हणणे पडले. तिने ते माझ्याकडे बघून का म्हटले, हे येथे नमूद करण्याचे कारण नाही.

लोणारला एकदा अवश्य जावे. आम्ही दैत्यसूदनाच्या दर्शनाला निघालो होतो. सूनबाईने तिथे गेल्यावर सांगितले, की उल्का आदळली तेव्हा खडक वितळून त्याचीही काच झाली होती, संशोधकांना तिचे बारीक मणी सापडले आहेत. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीची ती भट्टी बघत ती कडेला बसली. देवळात आम्ही दोघेच जाऊन आलो. अभयारण्य आहे, तिथला दगडही उचलू नये, हे मी तिला येताना दोनदा बजावले. तिने परतताना मला तिची पर्स तपासू दिली, हा तिचा मोठेपणा.

कलम ७. हिशेब. संध्याकाळी आलेली रक्कम, त्यातून स्टॉलभाडे, टेम्पो, वडापाव आणि मी परस्पर दिलेल्या सवलती वजा कराव्यात. काही मणी "राखीव" अशी चिठ्ठी लावून मी मागे ठेवतो. कोणासाठी, असे तिने अजून विचारलेले नाही. उरलेल्या रकमेतून सूनबाई समोरच्या स्टॉलवरच्या कुंभारीणबाईंकडून दोन बरण्या घेते. त्या बाई आमच्याकडून एक माळ घेतात. दोघी एकमेकींना सूट देतात, दोघी ती नाकारतात आणि मोबाइलवरून तेवढेच पैसे इकडून तिकडे, तिकडून इकडे जातात. हा व्यवहार खर्चात दाखवावा की जमेत, याविषयी स्वतंत्र आदेश यथावकाश काढण्यात येतील. बरण्यांत लोणचे भरण्यास सौ.ने हरकत घेतलेली नाही.