कव्हरकाका

सिडकोतल्या कुठल्याही गल्लीत कव्हरकाकांचं घर विचारावं लागत नाही. फाटकाआड गाडीवर चंदेरी कव्हर, कव्हरवर प्लास्टिकचा कागद आणि कागद उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना विटांचे तुकडे दिसले की बेल दाबावी. दार तेच उघडतात. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवी जुनी होऊन बटणं दिसेनाशी झाली, तेव्हा काकांनी पिशवी बदलली नाही, तिच्यावरच मार्करने ‘आवाज’ आणि ‘चॅनल’ लिहून टाकलं. सोफ्याला कव्हर आहे आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर आहे. पाहुणे आले की चादर निघते. आतला सोफा नेमका कोणत्या रंगाचा, हे आता काकूंनाही सांगता येत नाही.

असा माणूस प्रत्येक घराण्यात एक तरी असतो. आमच्या शहरातला हा नमुना वाळूजमध्ये घडला. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ मध्ये सुरू झाला, आजूबाजूला लहानमोठ्या कंपन्या उगवल्या, आणि त्यांपैकी एकीच्या स्टोअर्समध्ये काका १९८६ साली चिकटले. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला मोजून द्यायचा आणि मधल्या काळात त्याला ओरखडा येऊ द्यायचा नाही. संसारही त्यांनी त्याच पद्धतीने केला. मुलीच्या पाठवणीच्या वेळी ते जावयाला ‘मिळाल्याची सही’ मागतील अशी काकूंना शेवटपर्यंत धास्ती होती.

शहर मात्र काकांच्या उलट स्वभावाचं. गाडीचं वेड इथल्या पाण्यातच आहे. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली, पुढे ऑडीही तिथेच जुळवली जाऊ लागली. आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या डॉक्टर, बिल्डर, उद्योजक मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. व्यवहार पासष्ट कोटींचा होता. स्टेट बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिलं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा तर व्याज याहून कितीतरी जास्त पडतं, हे पत्रकार पी. साईनाथांनी तेव्हा लिहून दाखवलं. गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. निम्मे म्हणाले, शहराचं नाव झालं. निम्मे म्हणाले, लाज गेली. जालना रोडला उभे राहून त्या गाड्या बघणाऱ्या काकांनी मात्र तिसराच प्रश्न विचारला. “दीडशे गाड्यांचा इन्शुरन्स मिळून किती बसला असेल हो?”

विम्याबद्दल काकांना माहिती भरपूर आणि विश्वास शून्य. त्याला कारण आहे. वेरूळला जाताना दौलताबादच्या जुन्या दरवाज्यात, समोरून आलेल्या बसला वाट देता देता, त्यांच्या गाडीचा पुढचा बंपर दगडाला घासला. नवा बंपर सहा हजारांचा. काका निर्धास्त होते, पॉलिसी होती. मग सर्व्हेअरने समजावलं की बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर घसारा पन्नास टक्के. राहिले तीन हजार. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये मालकाचेच. राहिले दोन हजार. आणि क्लेम घेतल्याने पस्तीस टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्यावर आला. तो जवळपास अठ्ठावीसशेंचा. म्हणजे कंपनीने दोन हजार दिले आणि काकांचे आठशे गेले. हा हिशेब त्यांनी तेव्हापासून इतक्यांना सांगितलाय की गल्लीतली पोरं घसाऱ्याचे टक्के पाढ्यांसारखे म्हणतात.

पुढच्या वर्षी काकांनी ‘झिरो डेप’ घेतला. त्यात घसारा कापत नाहीत. त्यानंतर चार वर्षं गाडीला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. याचा आनंद व्हावा की नाही? काकांनी चार वर्षांचा जादा हप्ता, वरच्या अठरा टक्के जीएसटीसकट, एका वहीत मांडला आणि वरती शीर्षक दिलं, ‘बुडीत’.

इथे काकांच्या पिढीचं खरं दुखणं लागतं. त्यांचा विमा म्हणजे एलआयसी, आणि एलआयसी म्हणजे मनीबॅक. वीस वर्षं भरा, काही झालं नाही तर बोनससकट परत. ‘काही झालं नाही’ याचे पैसे मिळतात, अशी त्यांची पक्की धारणा. मेल्यावरच पैसे देणारा नुसता टर्म इन्शुरन्स जावयाने सुचवला, तेव्हा काकांनी सभ्य शब्दांत विचारलं होतं, “आणि नाही मेलो तर?”

वाहन विम्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं मात्र त्यांना तोंडपाठ. भाड्याने दिलेली गाडी कव्हरमध्ये नाही. दारू पिऊन चालवली तर नाही. शर्यत, वेगचाचणी यांसाठी वापरली तर नाही. या शेवटच्या कलमाचा त्यांनी इतका धसका घेतलाय की समृद्धी महामार्गावर, जिथे सपाट पट्ट्यात ताशी एकशेवीसची परवानगी आहे, तिथे ते सावंगीहून चढले की ऐंशीच्या वर जात नाहीत. “उगाच कुणी वेगचाचणी म्हणायला नको.”

अशा माणसाच्या एकसष्टीला मुलीने लॅम्बोर्गिनी दिली.

विकत नव्हे, तीन फेऱ्यांपुरती. मुलगी-जावई मिल्टन कीन्सला असतात. तिकडे वाढदिवसाला असले ‘अनुभव’ भेट द्यायची पद्धत आहे. व्हाउचर घ्यायचं, ठरल्या दिवशी जायचं, शेजारी प्रशिक्षक बसतो आणि दोन-तीन कोटींची गाडी आपल्या हातात येते. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच धावपट्ट्या इंग्लंडने आता याच कामाला लावल्यात. जवळचा सिल्व्हरस्टोनचा प्रसिद्ध ट्रॅकसुद्धा मुळात बॉम्बर विमानांचा तळ, १९४८ पासून तिथे शर्यती होतात. काका आढेवेढे घेत होते. पण लॅम्बोर्गिनीचा संस्थापक आधी ट्रॅक्टर बनवायचा आणि मोटारी त्याने १९६३ मध्ये सुरू केल्या, हे जावयाने सांगितल्यावर ते जरा सैलावले. त्यांच्या भावाची वैजापूरला शेती आहे. “म्हणजे मूळचा आपल्यातलाच,” असं म्हणून ते यायला तयार झाले.

अडचण काउंटरवर आली. तिथल्या मुलीने हसतमुखाने एक कागद पुढे केला. मजकूर साधा होता. गाडीचं नुकसान झालं, तर पहिल्या पाच हजार पौंडांपर्यंतचं चालवणाऱ्याने भरायचं. ते नको असेल तर आत्ता पंचवीस पौंड देऊन ‘डॅमेज वेव्हर’ घ्यायचा, मग कंपनी ती वसुली सोडून देते.

“बाबा, घेऊन टाका. पंचवीस पौंड तर आहेत,” जावई म्हणाला.

काकांनी मनातल्या मनात एकशेसोळाने गुणलं. एकोणतीसशे रुपये. ईपीएस-९५ची त्यांची महिन्याची पेन्शन जवळपास एवढीच येते. तीन फेऱ्यांना एक महिन्याची पेन्शन! मग त्यांनी दुसरा आकडा गुणला. पाच हजार पौंड म्हणजे पावणेसहा लाखांहून जास्त. काका कागद घेऊन बाजूच्या बाकावर बसले आणि खिशातून चष्मा काढला. चष्म्याच्या केसलाही कव्हर आहे, त्यामुळे थोडा वेळ गेला.

“जावईबापू, हे दोनशेला एक पडतंय,” ते म्हणाले. “दोनशे लोकांत एकाने गाडी पार ठोकली तरच यांचा हिशेब बरोबरीत. इथे तर रस्ता मोकळा, भिंत नाही, दौलताबादचा दरवाजा नाही, नुसते प्लास्टिकचे शंकू. शेजारी मास्तर. माझ्या मते पाचशेत एकही ठोकत नसेल. उरलेले पैसे कुणाचे? कंपनीचे.”

गणित चूक नव्हतं. असलं संरक्षण विकणारा नफा ठेवूनच विकतो. त्याला रोज शेकडो फेऱ्या मारायच्या असतात, सरासरी त्याच्या बाजूने असते. काका मात्र एकदाच बसणार होते, आणि एकदाच बसणाऱ्याला सरासरी नसते. त्याची गाडी एकतर धड परत येते किंवा ग्रॅच्युइटी घेऊन जाते. ब्रेक लागतील की नाही हा प्रश्न नव्हता, पावणेसहा लाख गेले तर घर सोसेल का, हा होता. जावयाने हे सगळं इंग्रजीमिश्रित मराठीत समजावून पाहिलं. सुपरमार्केटातला टोस्टर आणि त्याची जादा वॉरंटी असती तर मीही नको म्हटलं असतं, असंही म्हणाला. टोस्टर शब्द ऐकून काका सावध झाले. वेव्हर म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी त्याला पुन्हा विचारलं.

“म्हणजे माफी, बाबा. नुकसानमाफी.”

“कर्जमाफीसारखी?”

“तशीच.”

काकांचा चेहरा बदलला. २०१७ ची कर्जमाफी त्यांनी वैजापूरच्या भावासाठी स्वतः धावपळ करून पाहिली होती. दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज, रांगेत अंगठे, आणि याद्या येतील तेव्हा येतील. ते उठले, काउंटरवर गेले आणि त्या इंग्रज मुलीला त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचं भाषांतर करताना जावयाला घाम फुटला.

“ही माफी सरसकट आहे की निकषांसह?”

निकषांसह होती. कागदाच्या मागच्या बाजूला यादी होती. मास्तरचं ऐकलं नाही तर माफी रद्द. जाणूनबुजून बेदरकार चालवली तर रद्द. दारूचा वास आला तर गाडीजवळच येऊ देणार नाहीत. काका एकेक कलम वाचत होते आणि मान डोलावत होते, जसं परगावी आपल्या बोलीचं कुणी भेटावं. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी काउंटरवरच्या मुलीला ठरलेला प्रश्न विचारलाच. काही झालं नाही तर यातले परत किती मिळतील?

मुलीला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ती खूप हसली.

निर्णय काकूंनी घेतला. इतका वेळ त्या कुंपणाजवळ पर्स धरून उभ्या होत्या. त्या आल्या, आणि म्हणाल्या, “अहो, घ्या ते. नाहीतर तीन फेऱ्या तुम्ही गाडी चालवणार नाही, पावणेसहा लाख चालवाल. मला ठाऊक आहे ना, समृद्धीवर काय करता ते.” आणि पर्समधून पंचवीस पौंड काढून त्यांनीच ठेवले. पावती काकांनी घडी न घालता घेतली.

पहिली फेरी त्यांनी तरीही समृद्धीच्याच चालीने केली. मास्तरने दोनदा ‘जरा दाबा’ म्हटल्याचं कुंपणाबाहेरून दिसत होतं. दुसऱ्या फेरीत गाडीचा आवाज थोडा बदलला. तिसरीत ती पिवळी वस्तू काकूंच्या समोरून अशी गेली की त्यांनी आपोआप पदर सावरला. लेक व्हिडिओ काढत होती. त्यात गाडी अर्धा सेकंद आहे आणि उरलेला वेळ रिकामी धावपट्टी.

काका उतरले तेव्हा हेल्मेट त्यांना काढवत नव्हतं. पाय थरथरत होते. त्यांनी सवयीने गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही बाजूंनी फोटो काढले, चाकांच्या रिमवर बोट फिरवलं. ओरखडा नव्हता. मग ते जावयाच्या कानाशी येऊन म्हणाले, “अजून एक फेरी घेतली तर वेव्हर हाच चालेल, की नवा लागेल?”

सप्टेंबरात ते परत आले. तीन महिने झाकून ठेवलेली स्कूटर त्यांनी बाहेर काढली. ती २०१९ च्या दसऱ्याला घेतलेली. सीटवर अजून शोरूमचं प्लास्टिक आहे, उन्हाळ्यात बसलं की उठताना आवाज येतो. काकूंसाठी तारा पान सेंटरचं पान आणायला म्हणून निघाले आणि क्रांती चौकात हवालदाराने शिट्टी मारली.

काका निश्चिंत होते. त्यांनी डिकीतून झिपलॉकची पिशवी, पिशवीतून फाईल आणि फाईलमधून पॉलिसी काढली. ती लॅमिनेट केलेली होती. सहा वर्षांत तिला एक सुरकुती पडली नव्हती.

“काका, ही संपली.”

“संपली कशी? एकदम पाच वर्षांची भरलीय.”

ते खरं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचाच घ्यावा लागतो. दरवर्षी हप्त्याचा एसएमएस येत नाही, एजंटचा फोन येत नाही, आणि लॅमिनेट केलेली वस्तू कधी संपू शकते हे काकांना पटलेलं नाही. पण पाच वर्षं ७ ऑक्टोबर २०२४ ला पुरी झाली होती. त्यानंतर इंग्लंडचे तीन महिने सोडले तर काका गुलमंडी, पैठण गेट, टीव्ही सेंटर सगळीकडे विम्यावाचून फिरले होते. रस्त्यावर एखाद्या माणसाला काही झालं असतं तर भरपाई त्यांच्या खिशातून गेली असती. जीवितहानीच्या भरपाईला पाच हजार पौंडांची हद्द नसते, कसलीच नसते. न्यायाधिकरण त्या माणसाचं वय बघतं, कमाई बघतं आणि आकडा सांगतं. आणि ११० सीसीच्या स्कूटरला या विम्याचा वार्षिक दर २०२२ मध्ये ठरला तो ७१४ रुपये. जीएसटी धरूनही आठ पौंड होत नाहीत.

“दोन हजार दंड आहे, काका. कलम १९६.”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा फाईल उघडली आणि पॉलिसीच्या मागून आणखी एक लॅमिनेट केलेला कागद काढून हवालदारापुढे धरला. हवालदाराने तो उन्हात धरून वाचला, उलटून पाठीमागची बारीक इंग्रजी अक्षरं पाहिली, मग स्कूटरकडे पाहिलं.

“हे कोणत्या गाडीचं आहे?”