सूचक, अनुमोदक आणि निळी लाट

गणकयंत्र म्हटलं की वेग आलाच. मला मात्र मिनिटाला जेमतेम काही मिलिमीटर चालणाऱ्या गणकाचं वेड लागलं आहे. उथळ काचेच्या थाळीत लालसर द्रावण असतं. त्यात कुठेतरी निळा ठिपका उमटतो, त्याचं कडं होतं आणि ते पसरत जातं. मागे पुन्हा सगळं लाल. वीतभर अंतर कापायला या निळ्या लाटेला तासभर सहज लागतो. वाटेत कुणी हॉर्न वाजवत नाही.

या रसायनाला पहिल्यापासूनच थांबायची सवय. १९५१ च्या सुमारास बोरिस बेलुसोव्ह हे सोव्हिएत शास्त्रज्ञ पेशींतलं ऊर्जानिर्मितीचं क्रेब्स चक्र परीक्षानळीत उभं करू पाहत होते. सायट्रिक ॲसिड, ब्रोमेट, सिरियम, सल्फ्युरिक ॲसिड असा सगळा मसाला. द्रावण पिवळं झालं, रंग उडाला, पुन्हा पिवळं झालं. संपादकांनी ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून लेख परत पाठवला. होत होतं, पण संपादकांची परवानगी नव्हती! शेवटी १९५९ साली एका आडबाजूच्या संग्रहात छोटंसं टिपण छापून आलं. पुढे झाबोटिन्स्की या तरुण संशोधकाने हे काम हाती घेतलं. १९८० साली याच कामासाठी लेनिन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मानकऱ्यांत बेलुसोव्हही होते. पण ते १९७० मध्येच गेले होते.

आता या रंगपंचमीतून गणित कसं निघतं? पाण्यावरचे तरंग एकमेकांतून आरपार जातात. या लाटा समोरासमोर आल्या की दोन्ही संपतात, कारण लाट जिथून गेली तिथलं रसायन दमलेलं असतं. थोडी विश्रांती मिळाल्याशिवाय ते पुन्हा पेटत नाही. म्हणजे कोण कुठे, कधी भेटणार हे आपण ठरवलं, की निकालही आपल्या हातात येतो. १९९५ साली अगोटा टोथ आणि केनेथ शोवॉल्टर यांनी बारीक नळ्या वापरून हेच केलं. नळी फार अरुंद असेल तर तिच्यातून बाहेर आलेली एकटी लाट पलीकडे विझते; शेजारच्या नळीतूनही त्याच वेळी दुसरी आली, तर दोघी मिळून पुढे सरकतात. हाउसिंग सोसायटीच्या सभेत नुसत्या सूचकाने ठराव हलत नाही, अनुमोदक लागतो, तसंच हे. संगणकवाले याला ‘अँड’ गेट म्हणतात. नळी जरा रुंद केली की एकटी लाटही पुरते, म्हणजे झालं ‘ऑर’ गेट. रसायन तेच, फरक फक्त दाराच्या रुंदीचा.

त्याच वर्षी शोवॉल्टर यांच्या गटाने या लाटा भूलभुलैयात सोडल्या. माणूस अशा ठिकाणी वाट चुकतो, मग सोबतच्याशी भांडतो. लाट सगळ्या गल्ल्यांत एकदम शिरते, बंद गल्लीत मुकाट्याने संपते, आणि जी पहिली पोचते तिची वाट सर्वांत जवळची. विचार कुणी केला? लाटेने तर नाहीच. ती फक्त शेजारच्या थेंबाला पेटवत गेली. गणित होतं भिंतींच्या मांडणीत आणि घड्याळ घेऊन वर वाकलेल्या माणसात. मला हा सगळ्यात गमतीचा भाग वाटतो, आणि थोडा अस्वस्थ करणाराही; कारण आपल्या डोक्यातल्या पेशीही शेजारणीला पेटवण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या अँड्र्यू ॲडमॅट्झ्की यांनी भिंतीही काढून टाकल्या. द्रावण जेमतेम पेटण्याजोगं ठेवलं की पूर्ण कड्याऐवजी लाटेचे सुटे तुकडे फिरतात. तुकडा आला तर एक, नाही आला तर शून्य. टकरीनंतर तो कुठे वळला हे उत्तर.

हिशेबाला हे यंत्र निरुपयोगीच म्हणायचं. बंद थाळीतली रसायनं काही वेळाने खर्ची पडतात आणि गणक कायमचा थांबतो. शिवाय ब्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड ही घरच्या ओट्यावर मांडायची वस्तू नव्हे, तेव्हा प्रयोगाच्या फंदात पडू नका. इंटरनेटवर या लाटांच्या भरपूर चित्रफिती आहेत, बऱ्याचशा वेग वाढवलेल्या. एखादी न पळवलेली शोधा आणि शेवटपर्यंत बघा.