रस्ता, कॅमेरा आणि ‘कुठल्या चॅनेलचे?’

सार्वजनिक जागी चाललेला रोजचा व्यवहार, कोणाला उभे न करता आणि कोणाला हसायला न सांगता टिपणे, म्हणजे रस्त्यावरचे छायाचित्रण होय. हौशी छायाचित्रकाराची या प्रकाराशी पहिली ओळख बहुधा परदेशी पुस्तकांतून होते आणि त्याच्या पुढील बऱ्याच दुःखांचे मूळ तेथेच असते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचे १९५२ साली निघालेले पुस्तक इंग्रजीत ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ या नावाने गाजले आणि तेव्हापासून ‘निर्णायक क्षण’, म्हणजे दृश्यातली हालचाल व रचना क्षणभर नेमकी जुळून येण्याची वेळ, ही कल्पना या पंथात वेदवाक्य ठरली. छायाचित्रकाराकडे कोणाचेही लक्ष नसते, असे या सिद्धान्तात न बोलता गृहीत धरलेले आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत हे गृहीतक टिकत नाही.

भाईंदर स्थानकाबाहेर संध्याकाळी कॅमेरा पिशवीतून बाहेर आला, की भाजीवाल्याला तो इसम अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाचा वाटतो आणि मेथीच्या जुड्या क्षणार्धात गोणपाटासह मागे सरकतात. रिक्षावाल्याला तो दंड करायला आल्याचा संशय येतो. आणि एखादे सद्गृहस्थ जवळ येऊन ‘कुठल्या चॅनेलचे?’ असे विचारतात व उत्तराची वाट न पाहता सोसायटीच्या पाण्याची तक्रार, टँकरच्या दरासकट, सांगू लागतात. निर्णायक क्षण तोवर विरार लोकलने निघून गेलेला असतो.

यावर ग्रंथांनी सुचवलेला उपाय म्हणजे ‘झोन फोकसिंग’. यात लेन्सचे अंतर आधीच, समजा अडीच मीटरवर, ठरवून ठेवतात आणि प्रकाश आत येऊ देणारे छिद्र एफ/८ इतके लहान करतात. त्यामुळे त्या अंतराच्या अलीकडचे व पलीकडचे बरेचसे दृश्य स्पष्ट येते आणि ऐन वेळी फोकस जुळवत बसावे लागत नाही. तत्त्व निर्दोष आहे. फक्त संध्याकाळी सात वाजता स्थानकाच्या पुलावर अडीच मीटर मोकळे अंतर ही काल्पनिक राशी आहे.

हताश झालेला हौशी मग एफ/१.८ची लेन्स घेतो, कारण मोठ्या छिद्रामुळे मुख्य विषय तेवढा ठळक राहून मागचा पसारा धूसर होतो. या पसाऱ्यात लोंबत्या वायरी येतात, बांधकामाचे पत्रे येतात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलकही येतात. वास्तविक या शहरात न सांगता कॅमेऱ्याकडे पाहून हसणारे चेहरे तेवढ्या फलकांवरच सापडतात, पण त्यांची कदर होत नाही.

येथेच हौशी माणूस चुकतो. पॅरिसचे युजेन आत्जे (१८५७–१९२७) आपल्या छायाचित्रांना कलाकृती न म्हणता चित्रकारांच्या उपयोगाचे ‘दस्तऐवज’ म्हणून विकत असत आणि दुकानांच्या काचा, पायऱ्या, गल्ल्या असे जे काही त्यांनी टिपले, त्यामुळेच जुने पॅरिस आज पाहायला मिळते. मीरा-भाईंदरला हे अधिकच लागू पडते. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. इतक्या वेगाने अंग बदलणाऱ्या गावात मिठागरामागे कोणती इमारत अर्धी उभी होती आणि मेट्रोच्या खांबांआधी तेथे कोणते दुकान होते, हे पुढे कोणी शोधू लागल्यास उत्तर त्या धूसर केलेल्या भागातच असणार. पुढच्या बाजूला छत्री घेऊन चाललेला मनुष्य कोणत्याही शहरात मिळतो.

रविवारी हा हौशी वर्ग जवळच्या किनाऱ्यावरील उत्तन गावी स्थलांतर करतो. पावसाळा सरल्यावर तेथे बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टाकायची अशी पद्धत असल्याने खिळा लागत नाही की चिमटा. या रांगांमागे मावळता सूर्य धरण्यासाठी वाकलेल्या हौशीला एखादी कोळीण ‘अरे बाबा, उन्हातून बाजूला हो, बोंबील वाळायचेत’ असे सुनावते, तेव्हा प्रकाशाची दिशा आणि छायाचित्रकाराची जागा या दोन्ही विषयांवर प्रस्तुत क्षेत्रातील सर्वांत नेमके व्याख्यान फुकटात होते. त्यानंतर बोंबील विकत घेणे हा सभ्यतेचा भाग मानावा.

उरतो तो साठवणुकीचा प्रश्न. न्यूयॉर्कचे नामवंत छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारले तेव्हा त्यांचे सुमारे अडीच हजार रोल धुवायचेच राहिले होते. या एका बाबतीत मात्र मीरा रोडच्या प्रत्येक हौशीची हार्ड डिस्क त्या थोर परंपरेला साजेशी आहे. तेव्हा या वर्गास विनंती एवढीच, की फाईलला ‘सनसेट फायनल २ नवीन’ असे नाव न देता ठिकाण व तारीख लिहावी आणि कडेला आलेली दुकानाची पाटी कृपया कापू नये.