आत्याला चेंबूर दाखवणे: नियम व पोटनियम

रविवारी सकाळी फोन करून 'येतेय गं मी, कुठेतरी बाहेर जाऊ, पण उगाच खर्च नको' असे बजावणारी आत्या ज्यांना आहे, अशा तमाम भाचरांच्या सोयीसाठी हे नियम करण्यात येत आहेत. ते तत्काळ अमलात आले असे समजावे.

व्याख्या. या नियमांपुरते 'आत्या' हे नाते नसून वृत्ती आहे. निवृत्त काका, ऑफिसातले सहकारी, क्वचित स्वतःचा नवराही आत्या असू शकतो. खूण एकच. पदार्थ समोर आल्यावर, पहिला घास तोंडात जाण्यापूर्वी, जी व्यक्ती 'हे घरी निम्म्या पैशात होतं' असे म्हणते ती आत्या. माझी आत्या हा मूळ नमुना असून तो डोंबिवलीस असतो.

कार्यक्षेत्र. चेंबूर. 'तिथे काय आहे? वास!' असे आत्या म्हणेल. खतांचा कारखाना आणि माहुलकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे एके काळी या उपनगराला लोक गॅस चेंबर म्हणत, आणि आत्या अजूनही चेंबूर स्टेशन आलं की पदर नाकाला लावते. तिला शांतपणे सांगावे की फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी बराकींत ठेवलं होतं, म्हणून त्या वस्तीला आजही कॅम्प म्हणतात. पंजाबी कुटुंबंही आली. ट्रॉम्बेच्या बाजूचे कारखाने, अणुसंशोधन केंद्र इथल्या नोकऱ्यांमुळे तमिळ आणि मल्याळी बिऱ्हाडं थाटली गेली. टिळकनगर, सुभाषनगर आणि गावठाणात आपण आहोतच. परिणामी पायी हिंडण्याच्या अंतरात तीन-चार प्रांतांचं पोटभर खाणं मिळतं, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दार ढकलावं लागत नाही, कारण दारच नसतं. हा स्वस्ताईचा सर्वांत भरवशाचा निकष आहे. एसी जिथे असतो तिथे तो बिलातही असतो.

नियम पहिला. हार्बर लोकलचा मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय आत्याला होकार देऊ नये. डोंबिवलीहून फास्ट लोकल, कुर्ल्याला उतरून पूल चढून हार्बरचा प्लॅटफॉर्म, मग टिळकनगर आणि त्यापुढे चेंबूर, असा हा सरळ मार्ग रविवारी सरळ राहत नाही. ब्लॉक बहुधा सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपार उलटल्यावर संपतो. म्हणजे आत्याने त्याआधी यावे आणि तो उठल्यावर जावे. आत्याच्या मुक्कामाची किमान मुदत अशा रीतीने रेल्वेनेच ठरवून दिलेली आहे. त्यात भाचीला मत नाही.

पोटनियम. घाटकोपरला उतरून रिक्षाने येता येते, पण हा पर्याय आत्यापुढे मांडू नये. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर २६ रुपयांवर पडतं आणि आत्या पूर्ण रस्ताभर त्या मीटरकडे पाहते. बाहेर डायमंड गार्डन आलं तरी तिला कळत नाही.

नियम दुसरा. कॅम्पात सकाळीच पोचावे. दाल पकवान ही न्याहारी आहे. दुपारी बाराला ते मागणाऱ्याकडे सिंधी दुकानदार ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने आत्या दुपारी बाराला पोहे मागणाऱ्याकडे पाहते. (हे साम्य तिला दाखवून दिलं. आवडलं नाही.)

खाण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. पकवान म्हणजे मैद्याची पातळ, कडक तळलेली पुरी. ती फुगू नये म्हणून लाटल्यावर टोचे मारलेले असतात, आणि मंद आचेवर निवांत तळल्याशिवाय ती आतपर्यंत खुसखुशीत होत नाही. न फुगलेली पुरी पाहून आत्या 'यांना जमली नाही' असा अभिप्राय देईल. तो तिने मोठ्याने देऊ नये अशी व्यवस्था आधी करावी. सोबत हरभऱ्याची डाळ. डाळीचा दाणा दिसला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर नाहीसा झाला पाहिजे. वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी, बारीक चिरलेला कच्चा कांदा. डाळ पकवानावर एकदम ओतायची नाही. तुकडा मोडायचा, त्यावर डाळ घ्यायची आणि तो मऊ पडायच्या आत तोंडात घालायचा. भातावर वरण ओतण्याचा ज्यांना जन्माचा सराव आहे त्यांना हे कठीण जाते.

याच टप्प्यावर 'निम्म्या पैशात' हे वाक्य येते. वाद घालू नये. आत्या हिशेब सुरू करेल: पाव किलो डाळ इतक्याची, मैदा इतक्याचा, तेल (इथे ती क्षणभर थांबते, आणि तळून उरलेलं तेल भाजीला वापरता येतं म्हणून निम्मंच धरते), कांदा घरातलाच. घरातला कांदा तिच्या हिशेबात नेहमी फुकट असतो. बेरीज खरोखरच निम्मी येते. मी ती बरेचदा तपासली आहे, आकडे चुकत नाहीत. फक्त त्यात रात्री डाळ भिजत घालणारी, सकाळी उठून मैदा मळणारी, टोचे मारणारी, मंद आचेपुढे उभी राहणारी आणि मग कढई घासणारी बाई कुठेच धरलेली नसते. ती बाई म्हणजे आत्याच. उभा जन्म तिने स्वतःला शून्य रुपये लावून स्वयंपाक केला आणि अजूनही तोच भाव चालू आहे. हे तिला एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाली, 'कढई घासायला कितीसा वेळ लागतो?'

असो. नियमांकडे वळू.

नियम तिसरा. आत्याला गल्ल्यापासून दूर बसवावे. ती कारागिराला प्रश्न विचारते आणि ते डोंबिवलीच्या हिंदीत विचारते. 'भैया, ये डाल को कितना शिट्टी दिया?' आपण मान खाली घालून बसावे. आश्चर्य म्हणजे तिला उत्तर मिळते. कढईपुढचा माणूस, मागे रांग असताना, डाळ किती भिजवायची, शिट्टी मोजायची नाही तर डाळ चमच्यावर घेऊन बघायची, आमचूर शेवटी घालायचं, हे सगळं सांगतो. मी याच गावात राहते आणि मला आजवर कोणी आमचुराबद्दल अवाक्षर सांगितलेलं नाही.

नियम चौथा. सिंधी कढीचा विषय आत्यापुढे काढू नये. कढी ताकाचीच, यावर तिचे मत पक्के आहे. सिंधी कढीत ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजतात, त्यात पाणी आणि चिंच किंवा कोकम, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा. रविवारी दुपारी भात आणि 'टूक' म्हणजे दोनदा तळलेले बटाट्याचे काप, यांबरोबर ती खातात. ही कढी चांगली खायची तर ती घरातच, त्यामुळे त्यासाठी स्वस्तात स्वस्त मार्ग म्हणजे सिंधी शेजार. आमच्या समोरच्या आंटींकडे गेलं की आधी पापड आणि पाणी येतं. त्यांच्याकडे तशी रीत आहे. आत्याने पहिल्यांदा तो पापड पाहिला आणि माझ्या कानात म्हणाली, 'जेवायला बोलावलंय की पापडावर बोळवण?' नंतर कढी आली. आत्या काही बोलली नाही. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हाही बोलली नाही. म्हणून हा नियम: विषय काढू नये, थेट वाढावे.

नियम पाचवा. आत्याला स्कूटरवर मागे बसवू नये.

नियम सहावा, फुकट करमणुकीबाबत. डायमंड गार्डनचा बाक, तिथे आता मेट्रोचे खांब मान वर करून पाहता येतात. छेडानगरचं मुरुगन मंदिर. पायऱ्या आहेत, आत्याचे गुडघे देवळाच्या पायऱ्यांवर दुखत नाहीत, फक्त रेल्वेच्या पुलावर दुखतात. आरके स्टुडिओ. हा राज कपूर यांनी १९४८ मध्ये काढला, २०१७ मध्ये त्याला आग लागली, २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजनं घेतली आणि आता तिथे पाहायचं ते काय, इमारती. आत्या तरीही तिथे थांबते आणि लहानपणी तिच्या मैत्रिणीच्या मावशीने फाटकातून कुणाला पाहिलं ते सांगते. दर खेपेस पाहिलेला माणूस बदलतो. दुरुस्त करू नये.

मोनोरेल ही पूर्वी या यादीत पहिली होती. २०१४ च्या फेब्रुवारीत ती चेंबूर ते वडाळा सुरू झाली, तेव्हा आम्ही आत्याला खास बसवून नेलं. खिडकीतून कारखान्यांच्या चिमण्या, फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम अशी स्टेशनं. इतक्या कमी पैशांत इतक्या उंचावरून खताचा कारखाना दाखवणारी दुसरी सहल मुंबईत नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी ती बंद ठेवली गेली. तेव्हा आत्याला शब्द देण्याआधी चौकशी करावी.

नियम सातवा. दुपारनंतर कॉफी. तमिळ पद्धतीची फिल्टर कॉफी पेल्यात येते आणि पेला खोलगट वाटीत, म्हणजे डवऱ्यात असतो. या भांड्यातून त्या भांड्यात ओतून ती निववायची असते. आत्या मात्र डवऱ्याला बशी समजून त्यातूनच फुर्र करून पिते. शेजारच्या टेबलावरचे आजोबाही तसंच पीत होते, तेव्हा मी गप्प बसले. सांबार पुन्हा मागितलं तर बहुतेक ठिकाणी मिळतं. तिसऱ्यांदा मागू नये. आत्या तिसऱ्यांदा मागते.

नियम आठवा. संध्याकाळी कॅम्पात विग रिफ्रेशमेंट्सचा छोले-समोसा. समोसा अखंड ठेवून आदर दाखवू नये, चुरडावा. एक घेऊन दोघींनी खावा असे आत्या सुचवते आणि एक घेतला की पाऊण ती खाते. दोन घ्यावेत.

नियम नववा, मिठाईसंबंधी. झामा मिठाईवाल्याकडे गुलाबजाम घ्यायला गेलं की आत्या 'चवीपुरते' म्हणून पाव किलो घेते. मग डोंबिवलीहून 'पुरले नाहीत' असा फोन येतो. तेव्हा आपणच अर्धा किलो बांधून घ्यावा, पैसे आपण द्यावेत आणि पाकासकट पिशवी तिच्या मांडीवर उभी कशी राहील हे पाहावे, कारण कुर्ल्याच्या पुलावर गुलाबजाम सांडल्याचं दुःख फोनवर फार दिवस ऐकावं लागतं.

पैसे देण्यावरून जो प्रकार होतो त्यासाठी वेगळा नियम करायचा होता, पण तो करून उपयोग नाही. काटकसर, हिशेब, निम्मे पैसे, सगळं बोलून झाल्यावर बिल आलं की आत्या कंबरेच्या बटव्यातून घडी घातलेल्या नोटा काढते आणि माझा मोबाईल हातानं बाजूला सारते. 'ठेव तो. तुझे पैसे दिसत तरी नाहीत, गेलेले कळणार कसे?' दिवसभर ज्या बाईने दहा रुपयांची बस टाळून मला चेंबूर नाक्यापर्यंत चालवलं, तीच त्या कढईवाल्याला वर वीस रुपये देऊन येते. आमचुराचे.

एक तक्रार तेवढी नोंदवून ठेवते. सिंधी झालं, पंजाबी झालं, मद्रासी झालं (आत्याच्या नकाशात विंध्याच्या खाली महाराष्ट्र आणि मद्रास एवढंच आहे), की संध्याकाळी आत्या उसासा टाकते: 'आपल्या लोकांची हॉटेलं कुठं चालतात?' चालतील कशी? थालीपीठ, मिसळ, कोथिंबीरवडी या पाट्या दिसल्या की हीच पुढे चालू लागते, 'ते तर घरीच होतं' म्हणत. ज्या पदार्थाची तिला सवय आहे तो विकत घ्यायचा नाही आणि ज्याची नाही तो घरी करून पाहायचा, या दुहेरी धोरणात मराठी खानावळ अचूक मधोमध सापडते. वडापाव तेवढा वाचला, कारण तो उभ्यानं खातात आणि आत्याच्या मते उभ्यानं खाल्लेलं खाण्यात धरत नाहीत.

गेल्या महिन्यात आत्याने डोंबिवलीत दाल पकवान केलं. आम्हाला सगळ्यांना बोलावलं. टोचे मारले होते, आमचूर शेवटी घातलं होतं. पकवान उत्तम. डाळ थोडी वरणाकडे झुकलेली, पण तसं कुणी बोललं नाही. खर्च निम्माच आला, आणि कढई मी घासली. तिला बराच वेळ लागतो.

अंतिम सूचना. घीयर ही सिंध्यांची ताटाएवढी जिलबी होळीच्या सुमारासच मिळते, एरवी विचारून दुकानदाराला त्रास देऊ नये. तेव्हा आपल्या आत्यांना फाल्गुनात आणावे, सकाळी लवकर आणावे आणि त्या दिवशीचा मेगाब्लॉक आदल्या रात्रीच पाहून ठेवावा.