स्टेटसकाका

प्रत्येक मल्टिप्लेक्सच्या प्रोजेक्शन बूथमध्ये असा एक माणूस असतोच. आमच्या जिल्ह्याच्या गावी चार पडद्यांचं थिएटर आहे, तिथेही आहे. डोअरकीपरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना स्टेटसकाका म्हणतात. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट कळायला हवी असते: चारही पडद्यांवर आत्ता, या क्षणाला, काय चाललंय. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, बूथच्या काचेतून डोकावलं की झालं. काकांना हे सांगून बघा. "डोकवायला चार पोरं ठेवली होती. चारही पिक्चर बघत बसायची," असं म्हणून ते तुम्हाला वाटेला लावतील.

काका मूळचे रिळांच्या जमान्यातले. पस्तीस एमएमची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू, पुन्हा चमकला की चेंजओव्हर. पुढे अख्खा पिक्चर एकाच चकतीवर घेणारा प्लॅटर आला आणि फिल्मच्या कडेला धातूची बारीक पट्टी चिकटवायची पद्धत आली. पट्टी सेन्सरखालून गेली की हॉलचे दिवे आपोआप मंद व्हायचे. लेकीच्या कपाळावर टिकली लावावी तशी काका ती पट्टी लावायचे. फिल्म स्वतःच सांगायची, मी इथवर आले. कुणाला काही विचारावं लागत नसे.

मग डिजिटल आलं. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी २००२ साली एकत्र येऊन डीसीआय स्थापन केली, २००५ साली पहिली नियमावली काढली, आणि काही वर्षांतच काकांच्या हातातली फिल्म जाऊन हार्डडिस्क आली. आत कुलूपबंद सिनेमा. केडीएम नावाची चावी आली तरच उघडणार, तीही ठरलेल्या तारखांतच. पट्टी चिकटवायला कड म्हणून उरली नाही. दुसरा कोणी हळहळला असता. काकांनी पिक्चरचं नवं नाव पाहिलं आणि ते खूश झाले. नावातच सगळं असतं: पिक्चर असेल तर एफटीआर, ट्रेलर असेल तर टीएलआर, जाहिरातीला एडीव्ही, मग पडदा स्कोप की फ्लॅट, भाषा कुठली, आवाज किती चॅनेलचा, टू-के की फोर-के. सगळं अंडरस्कोअरने जोडलेलं. तेव्हापासून काकांना कुणी पिक्चर कसा आहे विचारलं, तर उत्तर येतं, "स्कोप. फाइव्ह पॉइंट वन. टू-के. दोन तास एकतीस."

"तसं नव्हे काका, चांगला आहे का?"

"चांगलाच. लोड करताना एकही एरर नाही आला."

आता चार पडदे म्हणजे चार सर्व्हर, आणि आमच्या मालकांनी ज्या वर्षी जे स्वस्त मिळालं त्या वर्षी ते घेतलं. त्यामुळे डोरेमी, डॉल्बी, जीडीसी आणि क्यूब अशी चार घराणी एका छपराखाली नांदतात. प्रत्येकाला "काय चाललंय" हे विचारायची रीत निराळी. एकाला आकड्यांच्या भाषेत निरोप धाडावा लागतो, दुसऱ्याला एक्सएमएलमध्ये रीतसर अर्ज करावा लागतो. २०१४ साली डॉल्बीने डोरेमी विकत घेतली, तेव्हा आता निदान हे दोघे तरी एका भाषेत बोलतील अशी काकांची समजूत झाली होती. ती त्यांनी अजून सोडलेली नाही. तोवर एका डब्यात, बहुधा मिठाईच्या, एक छोटा संगणक बसवून काकांनी दुभाषा तयार केला आहे. तो दर सेकंदाला चारही सर्व्हरांना विचारतो: चालू की बंद? प्लेलिस्ट कुठली? तिच्यातला तुकडा कुठला? किती झाला, किती उरला?

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मालकांनी विचारलाच. काकांनी उत्तर दिलं, "समोशासाठी."

आणि ते खरं होतं. मध्यंतर होताच तीनशे माणसं कँटीनवर तुटून पडतात आणि समोसा काही ऐन वेळी तळून होत नाही. आधी तळला तर गार, उशिरा तळला तर गिऱ्हाईक पॉपकॉर्नकडे. काकांनी कँटीनमध्ये कढईच्या वर चार लाल दिवे लावले. पडद्यावर मध्यंतराला दहा मिनिटं उरली की त्या पडद्याचा दिवा लागणार आणि समोसे तेलात पडणार. डिजिटल सिनेमाच्या नियमावल्या लिहिणाऱ्यांनी बराच पुढचा विचार केला होता, पण इथवर तो पोचला असेल असं वाटत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका हॉलचे समोसे वीस मिनिटं आधी तळून झाले. काकांनी हिशेब प्लेलिस्टच्या आरंभापासून धरला होता आणि जाहिरात खात्याने सकाळी त्यात आणखी जाहिराती घातल्या होत्या. मग काकांनी प्लेलिस्टवरचा विश्वास काढून घेतला. पिक्चरच्या नावावर चालावं, तर एकाच नावाचे दोन अवतार निघाले, एक सबटायटलचा आणि एक विनासबटायटलचा. शेवटी ते यूयूआयडीवर आले. हा प्रत्येक तुकड्याचा छत्तीस अक्षरांचा आधार क्रमांक, जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. काकांना चालू पिक्चरांच्या हिरोंची नावं सांगता येत नाहीत, यूयूआयडीची पहिली आठ अक्षरं तोंडपाठ आहेत.

इंग्रजी पिक्चरांचं दुखणं वेगळंच. हिंदी-मराठी पिक्चर बहुतेक पूर्वार्ध-उत्तरार्ध असे दोन तुकडे होऊन येतात. इंग्रजीला मध्यंतरच नसतं, ते ऑपरेटरने पाडायचं. अशात काकांच्या हाती प्रमाणित खुणांची यादी लागली. श्रेयनामावलीची पहिली फ्रेम, हलत्या श्रेयनामावलीची पहिली फ्रेम अशा त्या खुणा. आणि त्यांत चक्क एफएफओआय, मध्यंतराची पहिली फ्रेम! काका दिवसभर हवेत होते. "साहेबांनी आपल्या मध्यंतराला जागा ठेवलीय," असं ते पार्किंगवाल्यालाही सांगून आले. ती जागा साहेब रिकामीच सोडतात, हे पुढच्या शुक्रवारी कळलं.

लॉबीतला बोर्ड ही काकांची सर्वांत मोठी हौस. पडदा क्रमांक दोन, आत्ता चालू: आणि पुढे सर्व्हर सांगेल ते. सर्व्हर खोटं बोलत नाही. त्यामुळे उशिरा धावत आलेल्या एका कुटुंबाला "आत्ता चालू: तंबाखूविरोधी संदेश" असं वाचायला मिळालं, आणि कुटुंबप्रमुख तिकीट हातात धरून विचारू लागले की आमचा पिक्चर बदलला का. काकांनी सुधारणा केली. आता बोर्ड सांगू लागला: "जाहिराती चालू, पिक्चरला ११ मिनिटं अवकाश." हे मात्र लोकांना फार आवडलं. इतकं, की सगळे बोर्ड बघून निवांत वडापाव खायला बाहेर जाऊ लागले आणि जाहिराती रिकाम्या खुर्च्यांसमोर चालू लागल्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजर वर आले.

"काका, ते बोर्डावरून काढा."

"पण खरं आहे ते."

"म्हणूनच काढा."

आता बोर्डावर नुसतं "चालू" एवढंच येतं. काका त्याच्याकडे न बघता लॉबी ओलांडतात.

घरीही हा माणूस असाच असणार, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. काकूंनी "जेवायला बसा" म्हटलं की ते "आमटी कितीवर आहे?" असं विचारतात. पुतणीच्या लग्नात अंतरपाटाजवळ जाऊन त्यांनी भटजींना हळूच विचारलं, "एकूण किती मंगलाष्टकं आणि आपण कितव्यावर?" भटजींनी उत्तर दिलं नाही. काकांनी ते "नो रिस्पॉन्स" असं मनात नोंदवून वाजंत्रीवाल्याला हातानेच क्यू दिला आणि ताशा एक अष्टक आधी वाजला.

गेल्या पावसाळ्यात मात्र कसोटी लागली. तीन नंबरला राष्ट्रगीताची ५२ सेकंदं झाली, लोक खाली बसले, आणि पडदा काळाच. आवाजही नाही. शिट्ट्या सुरू. पोऱ्या धापा टाकत वर आला.

"काका, तीन नंबर बंद पडलंय!"

काकांनी स्क्रीन पाहिली. "चालू आहे. चार मिनिटं बारा सेकंद झाली."

"अहो, पडद्यावर काही नाही!"

"सर्व्हर म्हणतोय चालू आहे."

"लोक म्हणतायत बंद आहे!"

"लोकांचा आयपी काय?"

सर्व्हरचं खरंच होतं. तो आपलं काम इमानेइतबारे करत होता. प्रोजेक्टरच्या तोंडावरची झडप तेवढी मिटलेली होती आणि साउंड प्रोसेसर भलत्याच इनपुटवर होता. यातलं काही सर्व्हरला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

काकांनी बोध घेतला, पण आपल्या पद्धतीचा. बूथच्या काचेला त्यांनी पडद्याकडे तोंड करून एक प्रकाशाचा सेन्सर चिकटवला. आता दुभाषा सर्व्हरलाही विचारतो आणि पडद्यालाही. सर्व्हर चालू म्हणाला आणि पडदा वीस सेकंद काळा राहिला, की बूथमध्ये भोंगा. योजना बिनतोड होती. पुढच्याच शुक्रवारी भुताचा पिक्चर लागला आणि भोंगा पहिल्या शोला नऊ वेळा वाजला.

त्यामुळे नोकरीत प्रथमच काका हॉलमध्ये जाऊन बसले, मागच्या रांगेत, हातात स्टॉपवॉच. अख्खा पिक्चर पाहिला. शेजारची कॉलेजची पोरं किंचाळत होती, एक मुलगी रडत बाहेर गेली. बाहेर येताच पोऱ्याने हौसेने विचारलं, "कसा वाटला, काका?"

"भयंकर आहे," काका म्हणाले. "उत्तरार्धात सलग एक्केचाळीस सेकंद. टाइमर पंचेचाळीसवर टाक."